उणे अठरा

फोन वाजला तेव्हा डोरी बियार्नासनच्या पुढ्यात गव्हाचं ताट होतं आणि हातात चिमटा. कॅनडात विनिपेगमधल्या एका धान्य प्रयोगशाळेत निरोगी दाण्यांतून किडका दाणा वेगळा काढायचं काम तो पंधरा वर्षं करत होता. या कामात फोन येत नसत, म्हणून त्याने जरा वैतागूनच उचलला.

"आवाजाची पातळी सांगणारं ते प्लगिन तुम्हीच सांभाळता ना?" पलीकडची बाई म्हणाली. आवाज वयस्कर होता, पण प्रत्येक अक्षर धुतल्यासारखं स्वच्छ. "मी व्हर्ना पावलुक. डॉफिनहून बोलतेय. प्लगिनच्या पानावर हा नंबर होता."

"हो, मीच. काही अडचण आहे का?"

"अडचण होऊन गेली. मला एकच विचारायचंय. वाचकाची नवी आवृत्ती जानेवारीत आली. तिच्यावर तुम्ही हे प्लगिन तपासलं होतं का?"

वाचक म्हणजे तो बोलणारा प्रोग्रॅम, ज्याच्या जोरावर अंध माणसं संगणक वापरतात. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचतो. तो फुकट होता, त्याचा कोड सगळ्यांना खुला होता, आणि जगभरातली माणसं आपापल्या गरजेची छोटी प्लगिनं त्याला जोडत. डोरीचं प्लगिन त्यातलं एक. रेकॉर्डिंग करताना आवाज किती चढला किती उतरला ते डोळसांना रंगीत पट्टीवर दिसतं. हे प्लगिन तेच आकड्यात बोलून सांगायचं. गिमलीला राहणारी डोरीची आत्या शेवटची काही वर्षं दिसेनासं झाल्यावर यावर आपल्या आठवणी रेकॉर्ड करायची. आत्या गेली, त्याच सुमारास मूळ लिहिणाऱ्यानेही काम सोडलं, आणि डोरी "मी बघतो" म्हणून बसला. त्याला सहा वर्षं झाली होती.

प्रत्येक प्लगिनमध्ये एक ओळ असते: हे वाचकाच्या अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेलं आहे. वाचक पुढे गेला आणि ती ओळ मागे राहिली, की वाचक प्लगिनला दारातच अडवतो. दर जानेवारीत हे व्हायचं आणि दर जानेवारीत लोकांच्या मेलांचा पाऊस पडायचा. 'नुसता आकडा बदला हो, बाकी सगळं चालतंय.' या वर्षी डोरीने जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच धरून, नुसता आकडा बदलला होता. चार मिनिटं लागली. साठ जणांनी आभार मानले.

हे सगळं त्याच्या डोक्यातून फिरून गेलं. 'बऱ्यापैकी तपासलं होतं' असं वाक्य जिभेवर तयारही झालं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नव्हतं तपासलं. आकडा बदलला फक्त."



"बरं," व्हर्ना म्हणाली. "खरं बोललात. म्हणजे आता पुढचं बोलता येईल."

मग तिने काय झालं ते सांगितलं. चढा सूर नव्हता; बातमी वाचावी तसं.

डॉफिनचं छोटं रेडिओ केंद्र गावातलीच माणसं चालवत. व्हर्ना तिथे एकोणतीस वर्षं निधनवार्ता वाचत होती. कोण गेलं, कुठलं, अंत्यविधी कधी. आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांतली माणसं शनिवारी सकाळी सात वाजता रेडिओ लावत ती यासाठी. दहा दिवसांपूर्वी नेस्टर बोइको गेला. त्याने चाळीस वर्षं तिथल्या शेतकऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली होती. विधी सोमवारी ठरला होता, पण मोठं हिमवादळ येतंय म्हटल्यावर घरच्यांनी तो शनिवारी अकराला घेतला. ही बदललेली वेळ लोकांना कळायचा एकच मार्ग होता, व्हर्नाचा कार्यक्रम.

शुक्रवारी दुपारी ती केंद्रावर रेकॉर्ड करायला बसली. आधीच्या कार्यक्रमाच्या माणसाने माइकचं बटण पार खाली आणून ठेवलं होतं आणि स्वतःला ऐकू कमी येतं म्हणून हेडफोनचं चढवून ठेवलं होतं. त्यामुळे तिला स्वतःचा आवाज ठणठणीत ऐकू येत होता. तरी सवयीप्रमाणे तिने कळ दाबून पातळी विचारली. प्लगिन म्हणालं, 'उणे अठरा'. म्हणजे उणे अठरा डेसिबल, रेकॉर्डिंगला उत्तम. पाच मिनिटांनी परत विचारलं. 'उणे अठरा.' शेवटी विचारलं. 'उणे अठरा.'

"शनिवारी सकाळी तीन तालुक्यांत कोणाला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मुंगी बोलल्यासारखं, म्हणाला ओरेस्ट. ओरेस्ट माझा नवरा. नेस्टरला पोचवायला एकतीस माणसं होती. त्याच्या बायकोने, स्टेफानियाने, तीनशेंचा स्वयंपाक करून ठेवला होता."

डोरीच्या हातातला चिमटा कधीच खाली गेला होता. काय झालं असणार ते त्याला कळलं होतं. नव्या आवृत्तीत पातळी मिळवायची जागा बदलली होती. प्लगिन जुन्या जागी हात घालत होतं आणि रिकामं परत येत होतं. आणि रिकामं परत आलं की काय करायचं, ते त्याने स्वतःच तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. कोणीतरी तक्रार केली होती की प्लगिन सारखं बीप-बीप करतं. म्हणून त्याने लिहिलं: काही चुकलं तर गप्प बस आणि शेवटचा आकडा परत सांग.

"मिसेस पावलुक," तो म्हणाला, "ते प्लगिन मी आत्ताच्या आत्ता मागे घेतो."

"घ्या. आणि गाडी चालवता ना?"

"हो."

"मग शनिवारी या. सकाळी माझा कार्यक्रम संपला की. हे फोनवर सुधारणारं काम नाही."

मागे घेतल्याची नोंद डोरीने प्लगिनच्या पानावर टाकली, आणि कारणही लिहिलं: मी न तपासता आकडा वाढवला. एक-दोघांनी कुरकुर केली, आमच्याकडे तर छान चालत होतं म्हणून. चालत नव्हतं, त्यांनाही शेवटचाच आकडा ऐकू येत होता. हे त्याने ज्याला त्याला वेगवेगळं कळवलं.

शनिवारी उणे एकतीस अंश तापमानात तो पहाटे निघाला आणि साडेतीनशे किलोमीटर गाडी हाणत दहाच्या सुमारास पोचला. बरोबर आईने दिलेला व्हिनारतेर्ताचा डबा होता, त्यांच्यासारख्या आइसलँडी घरांत होणारा, आलुबुखारचं सारण भरलेला थराथरांचा केक. ओरेस्ट अंगणातच उभा होता. त्याने आधी डोरीच्या गाडीची वायर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचली, म्हणजे इंजिन गोठणार नाही, आणि मग डब्याकडे पाहिलं.

"आइसलँडवाले भांडण मिटवायला केक आणतात होय," तो म्हणाला. "आम्ही युक्रेनवाले नुसते खांदे उडवतो. चल आत, नाक गळून पडेल."

व्हर्ना स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसली होती. सदुसष्ट वर्षांची, ठेंगणी, करडे केस घट्ट बांधलेले. तिच्या टेबलावर संगणकाचा कीबोर्ड होता, दोन ध्वनिवर्धक होते, आणि जिथे पडदा असायला हवा तिथे जिरॅनियमची कुंडी.

"पडदा कुठाय?" डोरीने विचारलं.

"गॅरेजमध्ये," ओरेस्ट म्हणाला. "सोळा वर्षं. मला काढायला सांगू नकोस, त्याच्यावर बर्फ उपसायचं यंत्र ठेवलंय."

"पडद्याशिवायच बस," व्हर्ना म्हणाली. तिच्या बोलण्यातलं परकेपण कधी गेलं ते कोणालाच कळलं नाही. "मी रोज बसते."

तिने वाचक सुरू केला. डोरीला एक शब्द कळला नाही. टायपरायटर चालावा तसा आवाज खडखडत गेला आणि व्हर्ना मात्र मान डोलावत पुढे पुढे जात होती. तो कानकोंडा झालेला तिला न बघताच समजलं.

"हळू करते. तुझ्यासाठी."

सहा वर्षं तो हे प्लगिन सांभाळत होता, पण प्रत्येक वेळी डोळे उघडे ठेवून. आज पहिल्यांदा तो नुसत्या कानांच्या भरवशावर बसला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने तिची एक फाइल चुकीच्या नावाने साठवली आणि दोनदा वाट चुकून भलत्याच खिडकीत शिरला. काही चुकलं की यंत्र गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्यात काय आहे हे ओळखायचा काही मार्गच नव्हता. काम झालंय? चाललंय? मेलंय? डोळसाला निदान गोठलेला पडदा दिसतो.

"आता कळलं," तो पुटपुटला.

"अजून नाही कळलं. ओरेस्ट, तो खोका दे."

ओरेस्टने बुटाचा खोका आणून ठेवला. आत जाड कागदाची कार्डं होती, ब्रेल लिपीत टोचलेली, शेकड्यांनी. व्हर्नाने एक उचललं आणि बोट फिरवत वाचायला लागली. तारीख. वाचकाची आवृत्ती. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमची आवृत्ती. प्लगिनची आवृत्ती. कोणती कळ दाबली. काय व्हायला हवं होतं. काय झालं. मग दुसरं कार्ड, तिसरं. कुठल्या आवृत्तीची कुठल्या आवृत्तीशी सोयरीक जमते आणि कुठलीशी जमत नाही, याची अकरा वर्षांची वंशावळ त्या खोक्यात होती. त्यातले काही दोष डोरीला माहीत होते. बहुतेक त्याने कधी ऐकलेही नव्हते. एक तर त्याच्याआधीच्या माणसाच्या काळापासून चालत आलेला होता आणि तिने त्याला बगल द्यायची तीन कळांची युक्तीही लिहून ठेवली होती.

प्रयोगशाळेत तो ज्या माणसांबरोबर काम करायचा त्यांच्यात इतकी नेटकी नोंद कोणी ठेवत नव्हतं. तो स्वतःही नाही.

"हे तुम्ही मला का नाही कळवलंत?"

"कळवलं होतं. चारदा. पहिल्या वेळी उत्तर आलं की 'आमच्याकडे असं होत नाही'. नंतर आलंच नाही."

पहिलं उत्तर आधीच्या माणसाचं होतं की आपलं, हे डोरीने विचारलं नाही.

जेवायला बीटाचं सूप आणि कोबीच्या पानात गुंडाळलेला भात होता. जेवताना डोरी म्हणाला, की आता प्लगिन चूक लपवणार नाही, बोलेल. कसं बोलेल ते त्याने लिहूनही आणलं होतं. व्हर्ना म्हणाली, वाच.

"एरर. ध्वनिपातळी घटक, अवैध हँडल, शून्य एक्स आठ शून्य शून्य सात..."

ओरेस्टने चमचा खाली ठेवला. "हे कोणाला सांगतोयस?"

"वापरणाऱ्याला."

"मी वापरणारा असतो तर घर सोडून पळालो असतो."

व्हर्ना हसली नाही. तिने हात पुसले. "नेस्टरची वार्ता मी कशी वाचली होती ऐक. 'नेस्टर बोइको.' मग थांबले. 'सिफ्टनजवळचे.' मग, 'अंत्यविधीची वेळ बदलली आहे. आज, शनिवारी, सकाळी अकरा वाजता.' मग कुठे. मग परत एकदा नाव आणि वेळ. तो किती चांगला होता, कोणाचा कोण होता, हे सगळ्यात शेवटी. का, सांग."

"कारण वेळ महत्त्वाची."

"ते झालंच. पण नावानंतर मी थांबते ते का? कारण नाव ऐकलं की माणूस पेन शोधायला उठतो. त्याला उठायला वेळ द्यावा लागतो. बाई पीठ मळत असते, हात भरलेले असतात. तुझं यंत्र बोलेल तेव्हा माणूस कशाच्या तरी मधे असणार. त्याला आधी काय हवं?"

डोरी विचार करत राहिला. "काय बिघडलं ते."

"त्याच्याही आधी."

"माहीत नाही."

"केलेलं काम शाबूत आहे का," व्हर्ना म्हणाली. "ते कळलं की जीव भांड्यात पडतो. मग पुढचं ऐकू येतं."

दुपारभर ते दोघं एका संदेशावर बसले. डोरी वाक्य टाइप करायचा, वाचक ते बोलायचा, व्हर्ना डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, लांब. किंवा म्हणायची, 'कृपया' काढ, दर वाक्याला कोण कृपया करतं. शेवटी जे उरलं ते असं होतं: 'तुमचं रेकॉर्डिंग सुरक्षित आहे. आवाजाची पातळी सांगणं मी बंद केलं आहे, कारण वाचकाची ही आवृत्ती नवी आहे आणि माझी तपासणी तिच्यावर झालेली नाही. कापणं, जोडणं, साठवणं नेहमीसारखं चालेल. पातळी माइकच्या यंत्रावरून किंवा दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. हे पुन्हा ऐकायला एफ-एक दाबा.'

"छान आहे," डोरी म्हणाला. चार मिनिटांत आकडा बदलणारा आपण, आणि एका संदेशाला चार तास, असं त्याच्या मनात आलं.

"एक वाक्य राहिलं." व्हर्ना खिडकीकडे तोंड करून बसली होती. "'तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.' हे घाल."

"ते जरा जास्त होत नाही का? चूक त्यांची नाहीच हे उघड आहे की."

"कोणाला उघड आहे?"

 ओरेस्ट भांडी विसळत होता, तो थांबला.

"त्या शनिवारनंतर हिला वाटलं, हिचे कान गेले," ओरेस्ट पाठमोराच म्हणाला. "प्लगिन उणे अठरा म्हणतंय म्हणजे ते बरोबरच असणार. मग चूक कोणाची? हिची. रविवारी हिने केंद्राला पत्र लिहायला घेतलं. मला आता जमत नाही, दुसरं कोणी बघा म्हणून. मी म्हटलं, सोमवारी त्या पोराला फोन कर आधी."

"चौथ्या दिवशी केला," व्हर्ना म्हणाली. "तीन दिवस मी माझेच कान तपासत होते. भिंतीवरचं घड्याळ किती पावलांवरून ऐकू येतं ते मोजत होते."

डोरीने ते वाक्य घातलं, दुसऱ्याच ओळीत.  या बाईने साडेतीनशे किलोमीटरवरून फोन केला तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता याचं त्याला नवल वाटलं होतं. आता कळत होतं, की तिने राग करायच्या आधी स्वतःला तपासून घेतलं होतं. जे त्याने जानेवारीत चार मिनिटंही केलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते तिघं स्टेफानिया बोइकोकडे गेले. जायचा आग्रह डोरीचा होता. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने त्याला नेस्टरच्या खुर्चीत बसवलं, आणि व्हर्नाने युक्रेनियनमध्ये सगळं सांगितलं तेव्हा ती डोरीकडे वळली.

"म्हणजे यंत्र खोटं बोललं," ती इंग्रजीत म्हणाली.

"यंत्र नाही," डोरी म्हणाला. "माहीत नसेल तर जुनंच सांग, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं."

स्टेफानियाने मान हलवली. "नेस्टर गिऱ्हाइकाला सांगायचा, मला हे इंजिन येत नाही, दुसऱ्याकडे न्या. नवीन लग्न झालं तेव्हा मला लाज वाटायची. दुकानदार असं म्हणतो का?" ती उठली आणि फ्रीजरमधून पेरोग्यांच्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांच्या, दोन पिशव्या काढून त्याच्या मांडीवर ठेवल्या. "तीनशे माणसांच्या आहेत. मला जन्मभर संपणार नाहीत."

माफ केलं की नाही हे ती बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

रविवारी दुपारपर्यंत थांबून त्याने प्लगिनचं पोटच बदललं. आता ते सुरू होताना आपल्या एकेक कामाला हाक मारून बघायचं: आहेस का, उत्तर देतोस का. जे ओ देईल ते चालू, जे देणार नाही ते बंद, आणि बंद झालेलं प्रत्येक काम स्वतःच्या तोंडाने सांगणार. वाचकाची आवृत्ती अगदीच जुनी असेल तर तेही स्पष्ट सांगायचं, आणि त्या माणसाला चालणारं जुनं प्लगिन कुठे मिळेल त्याचा पत्ता द्यायचं. 'तपासलेलं आहे' हा आकडा यापुढे दोन माणसांनी मिळून वाढवायचा, एकाने बघून आणि एकाने न बघता, असं त्याने पानावर लिहिलं. दुसऱ्या माणसाचं नाव व्हर्ना पावलुक. तिचं नाव घालायला तिने हरकत घेतली नाही, फक्त म्हणाली, "स्पेलिंग बरोबर घाल. लोक नेहमी 'व्ह'च्या जागी भलतंच लिहितात."

खोक्यातली कार्डं त्याने तिच्याकडून वाचून घेतली आणि ती वाचत असताना टाइप करून घेतली. पाच रविवार लागले, फोनवर. त्यातून सत्तावीस दोष निघाले. मार्चमध्ये त्या संदेशाचा पोर्तुगीज अनुवाद ब्राझीलमधल्या रेसिफेच्या एका संगीत शिक्षिकेने पाठवला. तिने लिहिलं होतं, की यंत्राने माझ्याशी माणसासारखं बोलण्याची ही पहिलीच वेळ. डोरीने ते पत्र व्हर्नाला वाचून दाखवलं. व्हर्ना म्हणाली, अनुवाद लांब नाही ना झालाय?

पुढच्या जानेवारीत वाचकाची नवी आवृत्ती आली ती अचानक, सांगितलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी. डोरीला प्रयोगशाळेतल्या कामामुळे दोन दिवस ती उघडूनही पाहता आली नाही. आकडा जिथे होता तिथेच होता. मेल आले, पण निराळे. 'तुमचं प्लगिन म्हणालं पातळी बंद आहे, मी यंत्रावरून घेतली. तपासून झालं की कळवा.' घाई कोणालाच नव्हती.

डॉफिनहून मात्र काहीच आलं नाही. शनिवार गेला. रविवारी डोरीला राहवेना. त्याने फोन लावला.

"मिसेस पावलुक, तुमच्याकडे नवी आवृत्ती आपोआप आली का?"

"गुरुवारीच आली."

"आणि कालचा कार्यक्रम?"

"झाला की. दोन वार्ता होत्या. ओरेस्टला माइकच्या यंत्रावरच्या पातळीच्या काट्याकडे बघायला बसवलं होतं, तो सारखा जांभया देत होता. का रे?"

"फोन नाही आला तुमचा. मला काळजी वाटली."

"फोन कशाला करायचा?" व्हर्नाला खरंच नवल वाटलं होतं. "काय झालंय ते त्याने सांगितलं. मी ऐकलं. त्याप्रमाणे केलं. आता तू तुझं तपासायला घे, माझ्याकडे तीन कार्डं तयार आहेत. पेन आहे का जवळ?"

डोरी पेन शोधायला उठला. ती थांबली होती.